८५१ आणि ६६७ यांचा मसावि (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दोन्हींना पूर्ण भागणारी सर्वांत मोठी संख्या) भागाकाराने कसा काढायचा?

मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा. मग आधीचा भाजक हा भाज्य करून त्याला बाकीने भागा. बाकी शून्य येईपर्यंत हेच करत राहा.

८५१ ला ६६७ ने भागलं की बाकी १८४. ६६७ मधून १८४ त्रिक ५५२ गेले, बाकी ११५. पुढच्या बाक्या ६९, ४६, २३. आणि ४६ ला २३ ने पूर्ण भाग जातो. शेवटचा भाजक २३, तोच मसावि. इथे पुष्कळ मुलं भागाकार २ हेच उत्तर लिहितात, तेवढं सांभाळा.

हे का जमतं? जी संख्या ८५१ आणि ६६७ दोन्हींना भागते, ती त्यांच्या वजाबाकीलाही, म्हणजे १८४ लाही भागतेच. ६६७ = २३ × २९ हे अवयव पटकन सुचत नाहीत, म्हणून मला हीच रीत जवळची वाटते.