‘टू बी डन’ आणि ‘टू बी डूइंग’ लोक रोजच्या इंग्रजीत खरंच वापरतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: मराठी माध्यमात शिकलो, ‘टू डू’ कळतं, पण ‘टू बी डन’ आणि ‘टू बी डूइंग’ हे इन्फिनिटिव्ह (म्हणजे ‘टू’ लावलेली क्रियापदाची रूपं) पुस्तकाबाहेर कुणी वापरतं का, आणि वापरत असेल तर कुठे?

वापरतात. पहिला नमुना तुमच्या घरातल्या औषधांच्या डब्यातच सापडेल. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्यांचं पाकीट उलटं करा. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘नॉट टू बी सोल्ड बाय रिटेल विदाउट द प्रिस्क्रिप्शन ऑफ अ रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर’. विकणारा कोण ते तिथे लिहिलेलं नाही आणि लिहायची गरजही नाही. बंधन गोळीवर आहे, मग दुकान नाशिकच्या कॉलेज रोडचं असो की सिडकोतलं.

मी काही इंग्रजीचा मास्तर नाही. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये कागदपत्रं बघतो. जानेवारी ते एप्रिल हंगाम, तेव्हा युरोपातल्या खरेदीदारांशी रोज मेलामेली. त्यामुळे खाली जे सांगतोय ते बरंचसं स्वतःच्या चुकांतून आलेलं आहे.

पहिल्या हंगामात मी एका मेलमध्ये लिहिलं, ‘द बॉक्सेस आर टू काउंट’. मनातलं वाक्य होतं ‘पेट्या मोजायच्या आहेत’. समोरच्याला मात्र वाचताना असं वाटलं असणार, की पेट्याच आता मोजदाद करणार आहेत. हवं होतं, ‘द बॉक्सेस आर टू बी काउंटेड’, किंवा आणखी साधं, ‘द बॉक्सेस नीड टू बी काउंटेड’.

ही चूक का होते यावर मी बराच विचार केला आहे, कारण आमच्या ऑफिसात ती सगळ्यांचीच होते. ‘पेट्या मोजायच्या आहेत’ हे वाक्य नीट बघा. मोजणारा कुठेच नाही. क्रियापद पेट्यांच्या मागे चाललंय: डबा घासायचा, भाकरी भाजायची, कपडे धुवायचे. म्हणजे ‘-यचा, -यची, -यचं’ या रूपात पॅसिव्ह (कर्मणी प्रयोग) आधीच मुरलेला आहे, आपल्याला तो वेगळा दाखवावा लागत नाही. इंग्रजीत तो दाखवावा लागतो, आणि ‘टू’च्या पुढचं ‘बी’ तेवढ्याचसाठी येतं. ‘मोजलं जाणं’ असं मराठीत भाषांतर करून पाठ करू नका. तसं कुणी बोलत नाही, म्हणून ते डोक्यात राहत नाही. त्याऐवजी स्वतःला एकच विचारा: वाक्याच्या सुरुवातीला जे आहे ते काम करणार आहे, की त्याच्यावर काम होणार आहे? पेट्यांवर काम होणार असेल तर ‘टू बी काउंटेड’. रमेश मोजणार असेल तर ‘रमेश हॅज टू काउंट द बॉक्सेस’.

‘नीड’बरोबर आणखी एक रूप ऐकाल, ‘द क्रेट्स नीड वॉशिंग’. अर्थ तोच, क्रेट धुवायला झालेत. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपास तर ‘नीड्स वॉश्ड’ असं सरळ ‘टू बी’ गाळून बोलतात. ते ऐकून घाबरू नका, परीक्षेत मात्र लिहू नका.

आता इंग्रजीचीही एक गंमत. गंगापूर रोडला इमारतींवर ‘टू लेट’च्या पाट्या दिसतात. नियमाने ती ‘टू बी लेट’ व्हायला हवी, कारण घर स्वतः काही भाड्याने देत नाही. पण ती जुनी घडण तशीच राहिली, आणि आपल्या मराठी पाटीवरही अगदी तेच आहे: ‘भाड्याने देणे आहे’. ‘हू इज टू ब्लेम’ हेही त्याच जातीचं, दोष कुणाला द्यायचा. अशी मोजकीच आहेत, ती जशीच्या तशी घ्यायची.

‘देअर इज’ने सुरू होणाऱ्या वाक्यात दोन्ही चालतात, ‘देअर्स अ लॉट ऑफ वर्क टू डू’ आणि ‘टू बी डन’. पण ‘नथिंग’ आलं की अर्थ फुटतो. ‘देअर्स नथिंग टू डू’ म्हणजे करायला काही नाही, बसून कंटाळा आलाय. ‘देअर्स नथिंग टू बी डन’ म्हणजे आता इलाज नाही. लासलगावला कांद्याचा भाव पडला आणि ट्रॅक्टर भरून बाजार समितीत उभा आहे, तेव्हा दुसरं वाक्य. मे महिन्यात आमचं पॅकहाउस बंद झाल्यावर माझी दुपार असते, तेव्हा पहिलं.

‘आर टू’ वापरताना एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय. पैसे यायचे होते म्हणून मी लिहिलं, ‘यू आर टू पे बाय फ्रायडे’. माझ्या मनात साधंच होतं, तुम्हाला शुक्रवारपर्यंत पैसे द्यायचे आहेत. इंग्रजीत तो हुकूम झाला, हवालदाराने सोडावा तसा. उत्तर आलं ते बर्फासारखं गार. तेच ‘द बॅलन्स इज टू बी पेड बाय फ्रायडे’ असतं तर बोट माणसाकडे न जाता रकमेकडे गेलं असतं. व्यवहारात पॅसिव्हचा हा खरा उपयोग: कुणाचं नाव न घेता काम सांगता येतं. मालाला काही झालं तर तेही असंच लिहून येतं, ‘सम बॉक्सेस अपिअर टू हॅव बीन क्रश्ड’. पेट्या दबलेल्या दिसतात. कुणी दाबल्या ते ना ते म्हणतात, ना आम्ही. (पॅकहाउसमध्ये की बोटीवर, हा वाद नंतर होतोच, पण निदान पहिला मेल सभ्य असतो.)

वर्तमानपत्री इंग्रजीत हेच रूप ठरलेल्या गोष्टींसाठी येतं. नाशिकचा मागचा सिंहस्थ २०१५ चा, पुढचं शाही स्नान २०२७ मध्ये आहे; बातमीत त्यासाठी ‘इज टू बी हेल्ड’ वाचाल. घरात बोलताना असं कुणी म्हणत नाही.

आता ‘टू बी डूइंग’. हे मला वाटतं मराठी माणसाला जास्त सोपं आहे, कारण हे आपल्या तोंडात रोज असतं. आई मुलाला म्हणते, ‘तू अभ्यास करायला हवास’. हे सर्वसाधारण सांगणं झालं, ‘यू शुड स्टडी’. तीच आई रात्री नऊ वाजता मोबाइल हातात बघून म्हणते, ‘तू आत्ता अभ्यास करत असायला हवास’. हे झालं ‘यू शुड बी स्टडिंग’, किंवा इंग्रज आई जास्त करून म्हणेल ते, ‘यू आर सपोज्ड टू बी स्टडिंग’. ‘करत असणं’ म्हणजे ‘टू बी डूइंग’, शब्दाला शब्द. या क्षणी काम चालू आहे, किंवा चालू असायला हवं होतं, एवढंच त्यात जास्तीचं.

पावसाळ्यात हे फार छान कळतं. त्र्यंबककडे जोर असतो, गंगापूर धरणातून पाणी सोडतात, आणि गावात सगळे एकमेकांना विचारतात, दुतोंड्या मारुतीला (गोदावरीतली मूर्ती, तिच्यावरून पुराचा अंदाज घेतात) पाणी कुठपर्यंत आलं. रामकुंडावर उभा असलेला माणूस फोनवर सांगतो, पाणी चढतंय असं दिसतंय. ‘द वॉटर सीम्स टू बी रायझिंग’. ‘सीम्स टू राइज’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, दर वर्षी चढतं, सवयच आहे. आणि पाऊस थांबून गेल्यावर ओला रस्ता बघून म्हणाल, ‘इट सीम्स टू हॅव बीन रेनिंग’, पडत होता वाटतं. आपण ‘वाटतं’, ‘दिसतंय’ शेवटी ठेवतो, ते आधी ‘सीम’ किंवा ‘अपिअर’ म्हणून उरकून टाकतात. फरक फक्त जागेचा.

झोपेचं सोंग घेतलेल्या पोरासाठी ‘ही’ज प्रिटेंडिंग टू बी स्लीपिंग’ चालतं, ‘टू बी अस्लीप’ जास्त कानावर येतं. सहज कुठे निघालोय हे सांगायला ‘आय हॅपन टू बी गोइंग टू पंचवटी’, म्हणजे तसाही निघालोच आहे, तुझं काही आणायचं असेल तर सांग. ‘यू मस्ट बी जोकिंग’ तर तुम्ही सिनेमात ऐकलंच असेल. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘माइट’च्या पुढे ‘टू’ गळतं, बाकी गोष्ट तीच. पाहुण्यांकडून उठताना ‘वी शुड बी गोइंग’ म्हणतात, ‘वी शुड गो’पेक्षा ते जरा मऊ लागतं. आपणही लगेच उठत नाही, आधी ‘चला, निघायला हवं’ म्हणतो आणि पुन्हा अर्धा तास बसतो.

हे ऐकू का येत नाही, असंही तुम्हाला वाटत असेल. बोलताना ‘टू बी’ला जोर नसतो, दोन शब्द मिळून ‘टबी’ असं काहीतरी निसटून जातं. ‘नीड्स टबी काउंटेड’. आपण प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकायची वाट बघत बसतो. पुढच्या वेळी क्रियापदाचं शेपूट ऐका, ‘-एड’ (किंवा ‘डन’, ‘सोल्ड’सारखं रूप) आहे की ‘-इंग’, तिथेच उत्तर असतं.

एकच सावधगिरी. ‘करत असणं’ सोपं वाटलं म्हणून ते ‘नो’, ‘हॅव’, ‘वॉन्ट’ला चिकटवू नका. ‘ही सीम्स टू बी नोइंग’ किंवा ‘दे सीम टू बी हॅविंग थ्री ट्रक्स’ हे आमच्याकडच्या मेलमध्ये अजून सापडतं, मीही लिहिलेलं आहे. माहीत असणं आणि मालकीचं असणं ही चालू असणारी कामं नव्हेत, तिथे साधं ‘सीम्स टू नो’, ‘सीम टू हॅव’. आणि ‘हॅविंग लंच’ मात्र चालतं, कारण जेवण चालू असू शकतं.