कांद्याच्या चाळीतला पाऊस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध वाचला. शुद्धलेखनाची चूक शोधूनही सापडली नाही, अक्षर वळणदार, परिच्छेद नेटके. टपोरे थेंब आहेत, मृद्गंध आहे, थुईथुई नाचणारा मोर आहे, तहानलेला चातक आहे, आणि शेवटी बळीराजाही सुखावला आहे. शाळेत याला भरभरून गुण मिळाले असणार. मी मात्र तो एकदा वाचून बाजूला ठेवला आणि सोबतची तुझी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली.

उशीर का झाला ते तू चिठ्ठीत सांगितलंस. रात्री वारं फिरलं, कांदा साठवायच्या चाळीच्या फटींतून पाणी आत उडू लागलं आणि आई ओरडली, “बारदान आन गं लवकर, खालून पानी शिरतंय!” सकाळपासून तुम्ही दोघी भिजलेला, सडलेला माल निवडत बसलात. तो वास साबणानं दोनदा हात धुऊनही गेला नाही, म्हणून त्या दिवशी वही हातात घेतली नाहीस. अगं, पावसाळ्यातला एक दिवस तो हाच! निबंधातला पाऊस कुणाच्याही वहीत पडतो. चिठ्ठीतला फक्त तुमच्या चाळीवर पडला.

मग तो निबंधात का आला नाही? सडक्या कांद्याचा वास ‘निबंधात चालत नाही’ असं तुला कुणी समोर बसवून सांगितलं नसेल. पण पाचवीपासून फळ्यावर मुद्दे लिहून दिले जातात, गाईडमधला नमुना वाचून दाखवला जातो, सुरुवातीला कवितेची ओळ आणि शेवटी सुविचार टाकायला सांगतात. नमुन्याशी जुळलं की शेरा ‘छान’, नाही जुळलं की ‘विषयांतर’. चार-पाच वर्षांत मूल आपसूक शिकतं की आपल्या घरात घडतं ते लिहिण्याजोगं नसतं. मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं. अलंकारिक भाषा पुढे गळून पडते. आपलं जगणं लिहिण्याच्या लायकीचं नाही ही समजूत मात्र सहजी जात नाही.

तुझ्या बाईंना मी दोष देत नाही. साठ-साठ मुलांच्या वर्गाच्या वह्या तपासायच्या तर नमुना हाताशी लागतोच, आणि वर बोर्डाचा धाक. पण याच शाळाव्यवस्थेत वेगळी वाट काढणारेही आहेत. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते मुलांचा स्वतःचा अनुभव शिकण्याच्या मध्यभागी आणण्यासाठी. हे अशक्य नाही, एवढं मनात ठेव.

आता भाषेचं. आईचं बोलणं चिठ्ठीत तू जसंच्या तसं लिहिलंस आणि पुढे कंसात ‘सॉरी, अशुद्ध आहे’ असं जोडलंस. तो कंस खोडून टाक. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे लेखनविषयक नियम एकदा स्वतः वाच. ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी बोलण्यातली रूपं पात्राच्या तोंडी लिहायला तिथेसुद्धा मोकळीक आहे. वर्गातला लाल पेन पुष्कळदा नियमांहूनही कडक असतो. ‘आन’ आणि ‘पानी’ हे आईचे शब्द आहेत. तिच्या तोंडी ‘आण’ आणि ‘पाणी’ घातलंस तर ती तुझी आई राहणार नाही, गाईडमधली कुणीतरी होईल.

नाशिकजवळच्या जलालपूरला 1868 मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नाहीत. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. तरी त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणली जातात, कारण त्या बोलल्यासारख्या लिहितात आणि घरातलं भांडण, फजिती, सोवळंओवळं काही लपवत नाहीत. तुझ्याच जिल्ह्यातली बाई आहे, वाच. आणि ‘माझा आवडता ऋतू’ पुन्हा लिहायची वेळ आली तर आधी दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ उघड. एकेका मराठी महिन्यावर त्यांनी एकेक लेख लिहिला आहे, आणि झाडांची नावं, पानांचे बदलते रंग इतक्या बारकाईनं टिपले आहेत की ‘निसर्गाने हिरवा शालू नेसला’ हे वाक्य पुन्हा लिहायला तुझा हात धजणार नाही.

तू करायचं ते असं. एक वेगळी वही घाल, ती कुणाला तपासायला देऊ नकोस. त्यात सुरुवात-मध्य-शेवट असं काही ठरवू नकोस. चाळीपासूनच सुरू कर. सडका माल कुठे टाकलात? किती पाट्या निघाल्या? आई तेव्हा काय बोलत होती, की गप्प होती? त्या आठवड्यात बाजार समितीत भाव काय होता? एकदा सगळं आईच्या तोंडून लिही, एकदा व्यापाऱ्याच्या. मधेच कविता झाली तर होऊ दे. फसलेलं पानही फाडू नकोस. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस. ते काम दुसऱ्या दिवशीचं. पण दुसऱ्या दिवशी ते नक्की कर, कारण शाळेनं दिलेलं ते शस्त्र चांगलं आहे, टाकून देऊ नकोस.

पुढे बोर्डाचा पेपर आहे. तिथला निबंध 8 गुणांचा. तो मुकाट्यानं त्यांना हवा तसा लिहून ये, तिथे प्रयोग करू नकोस. तुला पुढे शिकायचं आहे आणि गुण लागणार आहेत. पण घरी आल्यावर त्याच विषयावर त्या वेगळ्या वहीत पुन्हा एकदा लिही आणि ते मला पाठव. खाडाखोड राहू दे, नवी प्रत काढत बसू नकोस.

तुझी,
मावशी