सरडे-पालींची लिंग-गुणसूत्रं माणसाइतकी विकसित का झाली नाहीत? सगळ्यांत एक्स-वायच असतं का? आणि मगरीचं काय?

आधी प्रश्नातला 'विकसित' हा शब्द खोडा. मग बोलू.

राग तुमच्यावर नाही. या शब्दाच्या एका सख्ख्या भावाने माझ्या एमएस्सीच्या प्रबंधाची वाट लावली आणि त्या पानावर सही माझीच आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

माझ्याकडे एका जातीच्या पालीची गुणसूत्रं मोजायचं काम होतं. नरात किती, मादीत किती, आणि मुख्य म्हणजे दोघांत वेगळी दिसणारी एखादी जोडी सापडते का. ज्यांनी हे केलंय त्यांना कृती सांगायला नको: कोल्चिसिन टोचायचं, पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकल्या की अस्थिमज्जा काढायची, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या, मिथेनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्लात टाकायच्या आणि गार काचपट्टीवर उंचावरून थेंब सोडायचा. थेंब नीट पडला तर गुणसूत्रं सुटी होऊन पसरतात. नाही पडला तर नुसता जांभळा गोळा. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलं की दोन-तीन स्प्रेड कामाचे मिळायचे. त्यांचे फोटो मोठे करून घ्यायचे, एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचं, लांबीप्रमाणे जोड्या लावायच्या आणि कार्डशीटवर चिकटवायच्या. पंखा बंद करून, कारण एक तुकडा उडाला की पाल एका गुणसूत्राने गरीब.

माझ्या पालीची गंमत अशी होती की जवळजवळ सगळी गुणसूत्रं सारखीच काडीसारखी आणि लांबी इतकी हळूहळू उतरत जायची की सातवी जोडी कुठे संपली आणि आठवी कुठे सुरू झाली ते देवालाच ठाऊक. मी महिनोन्महिने बघत होते. वेगळी जोडी दिसत नव्हती.

एक दिवस गाइड सर आले. त्यांनी एका नराच्या शीटवरचे दोन तुकडे नखाने उचकटले, शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "ही बघ तुझी एक्स-वायची जोडी. इतके दिवस काय करत होतीस?"

एक तुकडा आखूड होता खरा. मी त्या रात्री पट्टी घेऊन सगळ्या शीट्स मोजल्या. तेवढाच फरक माद्यांमध्येही निघाला, कधी याच जोडीत, कधी त्याच्या पुढच्या. गुणसूत्र जरा जास्त आवळलं गेलं की आखूड दिसतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी आकडे सरांपुढे ठेवले. सर म्हणाले, "माद्यांचे हे स्प्रेड खराब आहेत, वगळ." नरांचे तसलेच स्प्रेड मात्र चांगले! मी वगळणार नाही म्हटलं. पंधरा दिवस अबोला. शेवटी तडजोड झाली आणि प्रबंधात वाक्य आलं: "या जातीत लिंग-गुणसूत्रे अद्याप प्राथमिक अवस्थेत आहेत." सरांच्या डोक्यात माणसाचा एक्स-वाय म्हणजे वरचा वर्ग होता आणि पाल म्हणजे त्या वर्गात न पोचलेली पोर. तुमच्या प्रश्नातही तेच आहे, म्हणून मला झोंबलं.

आता मुद्दा. लिंग-गुणसूत्रं ही मुळात साधी, इतर जोड्यांसारखीच एक जोडी असते, हे आनुवंशिकीतज्ज्ञ सुसुमु ओहनो यांनी 1967 मध्ये सविस्तर मांडलं. त्या जोडीतल्या एकावर नर की मादी ठरवणारं जनुक येतं. मग त्या जनुकाच्या आसपास दोन्ही गुणसूत्रांची देवाणघेवाण बंद पडते, बरेचदा तो तुकडा उलटा फिरून बसल्यामुळे. देवाणघेवाण बंद म्हणजे दुरुस्ती बंद. बिघाड साचत जातात, जनुकं निकामी होतात, गळतात. माणसाच्या एक्सवर प्रथिनं बनवणारी आठशेच्या वर जनुकं आहेत. वाय 2023 मध्ये पहिल्यांदा टोकापासून टोकापर्यंत वाचला गेला तेव्हा त्यावर 106 सापडली, आणि त्यातली बरीच एकाच जनुकाच्या प्रती. म्हणजे आपण ज्याला विकसित म्हणतो ती झीज आहे. पडक्या वाड्याला कोणी बांधकाम म्हणत नाही.

आणि झीज झाली तरच ती डोळ्यांना दिसते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ नेटी स्टीव्हन्स यांनी 1905 मध्ये मीलवर्म नावाच्या भुंगेऱ्यात बघितलं की मादीत वीसही गुणसूत्रं मोठी, नरात एकोणीस मोठी आणि एक इवलंसं. काम थोर आहेच, पण त्यांच्या भुंगेऱ्यात फरक डोळ्यांना दिसण्याइतका होता. तिथून पुढे मायक्रोस्कोपवाल्यांची पिढ्यान् पिढ्यांची सवय अशी झाली की फरक दिसला तर लिंग-गुणसूत्रं आहेत, नाही दिसला तर नाहीत किंवा 'अजून व्हायची' आहेत.

जास्त काळ गेला की जास्त झीज, हेही सरळ नाही. कोंबडी आणि एमू यांची झेड-डब्ल्यू जोडी एकाच मुळाची. (पक्ष्यांत उलटं: मादी झेड-डब्ल्यू, नर झेड-झेड.) कोंबडीचा डब्ल्यू आक्रसून गेला, एमूचा बराचसा झेडसारखाच राहिला. वय तेच. एमू मागासलेला म्हणायचा का?

पण या शिडीची खरी फजिती झाली ती सापांमध्ये. पाठ्यपुस्तकात चित्र असायचं: बोआ-अजगर खालच्या पायरीवर, त्यांची झेड-डब्ल्यू सारखीच दिसते, मग साधे साप, थोडा फरक, वर विषारी साप, डब्ल्यू पार झिजलेला. उत्क्रांतीच्या तीन पायऱ्या, ओळीने मांडलेल्या. मीही परीक्षेत हेच लिहून मार्क घेतले आहेत. 2017 मध्ये बोआ आणि अजगर यांचे डीएनए नर-मादी वेगळे करून तपासले तर निघालं काय, त्यांच्यात झेड-डब्ल्यू नाहीच, एक्स-वाय आहे! तेही दोघांत स्वतंत्रपणे आलेलं. खालची पायरी त्या शिडीची नव्हतीच.

पुरावा आधीपासून समोर होता, ही त्यातली मजा. बोआच्या काही माद्यांनी नराशिवाय पिल्लं दिली होती आणि ती सगळी मादी निघाली. झेड-डब्ल्यू गृहीत धरलं तर ती पिल्लं (आईच्या एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती मिळून) डब्ल्यू-डब्ल्यू ठरतात, म्हणजे झेडशिवाय जगणारा प्राणी. तसंच छापूनही आलं. आई एक्स-एक्स, म्हणून मुली एक्स-एक्स, हा साधा हिशेब बाजूला राहिला. कोमोडो ड्रॅगन या भल्यामोठ्या सरड्याने असंच नराविना पिल्लं दिल्याचं 2006 मध्ये जाहीर झालं, ते सगळे नर होते, आणि कोमोडोत खरंच झेड-डब्ल्यू आहे. दोन उलट निकाल शेजारी ठेवले असते तरी शंका यायला हवी होती. पण आधीच ठरवलेलं दिसत असलं की माणूस शीटवरचे तुकडे उचकटून जुळवतो.

तर 'सगळ्यांत एक्स-वायच असतं का' याचं उत्तर: मुळीच नाही. इग्वानांच्या गटात एक्स-वाय आहे आणि ते फार जुनं आहे. हिरव्या अनोल सरड्यात वाय चांगलाच झिजलेला आहे, नराचा एकटा एक्स दुपटीने काम करून भरपाई करतो. पण ती जोडी म्हणजे ठिपक्याएवढी सूक्ष्म गुणसूत्रं, त्यामुळे 2011 मध्ये त्याचा जीनोम वाचला जाईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. युरोपातल्या लॅसर्टा सरड्यांच्या कुळात झेड-डब्ल्यू. आणि माझ्या पाली? पालींच्या गटात एक्स-वाय, झेड-डब्ल्यू आणि अंड्याच्या तापमानावर लिंग ठरणं, असे तिन्ही प्रकार आहेत, आणि 2015 च्या एका अभ्यासाचा अंदाज असा की पालींच्या इतिहासात एकातून दुसऱ्यात बदल 17 ते 25 वेळा झाला. जुनी जोडी झिजण्याआधीच नवी जोडी कामाला लागत असेल, तर झिजलेला वाय दिसणार कुठून?

असा बदल किती झटपट होऊ शकतो ते ऑस्ट्रेलियाच्या दाढीवाला ड्रॅगन नावाच्या सरड्याने दाखवलं. त्यात झेड-डब्ल्यू आहे, पण अंडी 32 अंशांच्या वर उबवली तर झेड-झेड पिल्लंही मादी होतात. 2015 मध्ये अशा माद्या जंगलात सापडल्या. त्यांचा साध्या नराशी संबंध आला की पिल्लांत डब्ल्यू येणारच कुठून? सगळी झेड-झेड, आणि नर-मादी ठरवतं फक्त तापमान. एका पिढीत गुणसूत्रांचा कारभार संपला. याला कोणती पायरी म्हणायची, वरची की खालची?

तुम्ही विद्यार्थी असाल आणि असलं काम हातात असेल तर माद्यांच्या शीट्स फेकू नका. गाइड म्हणाले तरी नाही. नर आणि मादी दोघांचीही मापं प्रबंधात द्या, आणि फरक दिसला नाही तर 'दिसला नाही' एवढंच लिहा. 'अद्याप' लिहू नका. पुढे काय होणार ते पालीने कुणाला सांगितलेलं नाही. आज तर काही नर आणि काही माद्यांचा डीएनए वाचून फक्त नरातच सापडणारे तुकडे शोधता येतात. ते मिळाले तर एक्स-वाय, फक्त मादीत मिळाले तर झेड-डब्ल्यू. कात्री लागत नाही.

आता सरांच्या बाजूनेही थोडं. काही पालींमध्ये वेगळी दिसणारी जोडी खरोखर असते, त्यामुळे शोधायला लावणं चूक नव्हतं. आणि नुकतंच तयार झालेलं लिंग-गुणसूत्र बरेचदा आपल्या जोडीदारासारखंच दिसतं, हेही खरं. म्हणजे त्यांचं वाक्य योगायोगाने बरोबरही असू शकलं असतं. पण आमच्याकडच्या कागदांवरून ते लिहिता येत नव्हतं, माझं म्हणणं तेव्हाही एवढंच होतं. ते कार्डशीट माझ्याकडे अजून आहे. गोंद पिवळा पडलाय. ते दोन तुकडे मी नंतर परत मोजले, फरक मिलिमीटरभर आहे, तोही मोठ्या केलेल्या फोटोत.

मगरीचं राहिलंच. मगरींना लिंग-गुणसूत्रं नसतातच. घरट्यातल्या तापमानावर ठरतं. बहुतेक जातींत मधल्या तापमानाला नर, त्याहून कमीला किंवा जास्तीला माद्या.