नागपूर ते पुणे विमानाने अंतर किती आणि खरा वेळ किती लागतो?

नागपूरचा आहे, नऊ वर्षं झाली पुण्यात, म्हणून सांगतो.

सोनेगाव (नागपूरचं विमानतळ) ते लोहगाव (पुण्याचं) सरळ रेषेत ६०५ किमीच्या आसपास भरतं. तिकिटावर वेळ दिसतो सव्वा ते दीड तास. तुम्ही विचारलंय की ताशी ८०० च्या स्पीडने ४५ मिनिटांत पोचायला हवं, मग बाकीचा वेळ जातो कुठे. तर तिकिटावरचा वेळ म्हणजे नुसता उडण्याचा वेळ नसतो, विमान जागेवरून हललं तेव्हापासून ते तिकडे जाऊन उभं राहीपर्यंतचा असतो, त्यात रनवेपर्यंत रांगत जाणं आलं, नंबर लागायची वाट बघणं आलं, आणि ८०० चा स्पीड वर गेल्यावर मिळतो, १० हजार फुटांच्या खाली साधारण ४६० च्या वर जाऊच देत नाहीत. एवढ्याशा प्रवासात अर्धा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. त्यात लोहगाव हा मुळात हवाईदलाचा तळ, सुखोईंचा सराव चालू असला की आपण थांबायचं. थंडीत वरचा वारा पश्चिमेकडून असतो म्हणून पुण्याकडे येताना चार-पाच मिनिटं जास्त धरा.

पण खरं सांगू का, हा हिशोब काही कामाचा नाही. माझा हिशोब असा, कर्वेनगरहून लोहगाव संध्याकाळचा सव्वा तास (मेट्रो रामवाडीपर्यंतच आहे, पुढे रिक्षावाल्याशी तुमचं नशीब), काउंटर तासभर आधी बंद होतो म्हणून दीड तास आधी पोचायचं, मग विमान, मग बॅगेची वाट, आणि तिकडे मनीषनगरला घरी पोचायला जेमतेम २० मिनिटं, सोनेगावचं हे सुख आहे बरं का. दारापासून दारापर्यंत पावणेपाच तास. म्हणजे सरासरी ताशी सव्वाशे किमी, समृद्धीवर गाडीवाले याच स्पीडने जातात राजेहो!

तरी विमानच स्वस्त पडतं वेळेच्या मानाने, कारण दुसरं आहे काय? रेल्वे मनमाड-भुसावळवरून वळसा घालते, ऑगस्ट २०२५ पासून अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत सुरू झाली तीही ८८१ किमीला १२ तास घेते आणि सगळी बसायचीच सीट, माझ्या आईचे गुडघे काही ते मान्य करत नाहीत. ट्रॅव्हल्सने रात्रभर, झोप लागली तर लागली.

दिवाळीचं मात्र विसरा. पुण्यातला अर्धा विदर्भ एकाच दोन दिवसांत घरी निघतो आणि तिकीट कुठच्या कुठे जातं. मी दसऱ्याच्या आधीच काढून ठेवतो, आणि जाताना सकाळचं पहिलं घेतो, पहाटे पाचला कर्वेनगर ते लोहगाव ३५ मिनिटांत होतं.