खिडकीतील पहिली मेथी

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या घरात राहतो. गॅलरी नाही, पूर्वेच्या खिडकीला दीड फूट रुंदीची ग्रिल आहे आणि तेथे सकाळी जेमतेम तीन तास ऊन येते. रोज न चुकता पाणी घालूनही दोन तुळशी महिन्याभरात वाळल्या आणि टोमॅटोची फुले गळून गेली. एवढ्या जागेत नेमके काय लावावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुळशी जाण्याचे कारण बहुधा आपल्या ‘रोज न चुकता’ या शब्दांतच आहे. विकत मिळणारी लाल माती कुंडीत काही आठवड्यांतच विटेसारखी घट्ट बसते, तीत पाणी तुंबते आणि हवेअभावी मुळे कुजतात. वर पाने मलूल दिसली की आपण तहान समजून आणखी पाणी घालतो. पाणी घालण्यापूर्वी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसून पाहावे आणि टोकाला ओल लागली, तर त्या दिवशी झारी खाली ठेवावी.

टोमॅटोची गोष्ट वेगळी आहे. टोमॅटो, मिरची, वांगी यांना दिवसाला सहा तास तरी थेट ऊन लागते. ते आपल्या खिडकीत नाही, म्हणून त्यांचा नाद तूर्त सोडावा. तीन तासांत पालेभाजी मात्र निघते आणि नवशिक्याने मेथीपासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चूक झाली तरी तिची किंमत मूठभर दाणे एवढीच असते.

फळवाल्याकडील सहा इंच खोल प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन आत गोणपाट अंथरावे. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे मिश्रण करावे. ओलसर मिश्रणाची मूठ वळावी, पण बोटाने टोचताच ती फुटावी. स्वयंपाकघरातील मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरावेत आणि वर अर्धा इंच माती पसरावी. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि महिन्याभरात भाजी कापण्याजोगी होते. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून त्यांच्या डाळी कराव्यात. त्यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात धीर सोडून माती उकरू नये. वैशाखातील उन्हात कोथिंबीर पाने धरण्याआधीच फुलावर येते, म्हणून तिची पेरणी दसऱ्यानंतरच करावी.

ग्रिलवर क्रेट ठेवण्यापूर्वी तिचे जोड गंजलेले नाहीत ना, हे पाहावे, कारण भिजलेल्या मातीचे वजन आपल्या अंदाजापेक्षा नेहमीच जास्त भरते. खाली पसरट ताट ठेवावे, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातकट पाणी ठिबकणार नाही (सोसायटीच्या बैठकीत बागेचा विषय निघतो तो बहुधा याच कारणाने), मात्र त्यात साचलेले पाणी त्याच दिवशी ओतून टाकावे, नाही तर त्यात डासांची पैदास होते. मेथी उपटू नये. बुडाशी दोन बोटे देठ ठेवून कात्रीने कापली, तर बहुधा आणखी एक लहानशी कापणी मिळते.