1961 मध्ये भारत गोव्यात सैन्य घालणार, हे पोर्तुगालला आधी कळलं कसं नाही?

माझ्या मते कळलं होतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचा हिशेब चुकला तो दुसरीकडे.

मी खानापूरचा. अनमोडमार्गे गोव्याला जाणारा रस्ता आमच्याकडूनच जातो. त्या डिसेंबरात लष्करी गाड्यांची रांग तुटत नव्हती आणि बायका जवानांसाठी पाण्याच्या कळशा घेऊन रस्त्याकडेला उभ्या असायच्या, असं आजोबा सांगायचे. बेळगावात 17 वी इन्फंट्री डिव्हिजन गोळा झाली होती, सांबऱ्याच्या धावपट्टीवर हंटर विमानं उतरली होती. कॅसलरॉक सोडलं की पुढचं कुळे स्टेशन फिरंग्यांचं. एवढी जमवाजमव इतक्या जवळून लपेल कशी?

पण लिस्बनच्या, म्हणजे पोर्तुगाल सरकारच्या, डोक्यात 1955 घट्ट बसलं होतं. त्या वर्षी 15 ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली, तरी नेहरूंनी फौज पाठवली नाही. सीमा बंद केली, वकिलात बंद केली, तेवढंच. त्याच डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी संयुक्त पत्रकात गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणू दिलं. आमच्या लोकांना ते फार लागलं होतं, आणि लागायलाच हवं होतं. यावरून तिकडे समज झाला की नेहरू बोलतील, पण हात उचलणार नाहीत.

1961 मध्ये हे सगळं पालटलं. ऑक्टोबरात दिल्लीतल्या परिषदेत आफ्रिकेतले स्वातंत्र्यसैनिक भारताला विचारत होते, तुमच्याच दारातली वसाहत अजून कशी? नोव्हेंबरात कारवारजवळच्या, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला, एक मच्छीमार गेला. त्यानंतर अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ थांबा थांबा म्हणत राहिले, पण दिल्लीत ऐकून घेण्याची वेळ टळून गेली होती.

सालाझारला गोवा वाचवता येणार नाही हे दिसत होतं. अंगोला या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतीत त्याच वर्षी युद्ध पेटलं होतं आणि गोव्यात साधारण 3,500 सैनिक उरले होते. तरी वाटाघाटी नाहीत. गोव्यावर बोलणी केली असती तर उद्या अंगोला, परवा मोझांबिक ही दुसरी वसाहत मागितली गेली असती. म्हणून 14 डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांना तार केली: किमान आठ दिवस लढा, शरणागती नाही. तेवढ्या अवधीत जग मध्ये पडेल, ही आशा. माझ्या दृष्टीने हे फार निर्दय होतं. दूर बसून साडेतीन हजार पोरांना मरायला सांगणं!

भारतीय फौज गोव्यात शिरली, तरी जग मध्ये पडलं नाही. 18 डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हर्नरांनी शरणागती दिली आणि माणसं वाचवली. त्याबद्दल सालाझारने त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकलं. गोवा भारताचा, हे पोर्तुगालने मान्य केलं ते ती राजवट कोसळल्यावर, 31 डिसेंबर 1974 च्या कराराने.