नागासाकीला गेलास तर बॉम्बपासून सुरुवात करू नकोस

अरे,

मेसेज मिळाला. तुला तीन दिवस सुट्टी आहे, फुकुओकाहून नागासाकी दीड तासावर, म्हणून सकाळी जायचं, अ‍ॅटम बॉम्ब म्युझियम बघायचं, पीस पार्कमध्ये फोटो काढायचे आणि रात्री रूमवर परत. आणि "ताई, वेळ उरला तर अजून काही बघण्यासारखं आहे का" हे तू सगळ्यात शेवटी विचारलंयस. उत्तर टाइप करायला घेतलं तर ते काही व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मावेना, म्हणून हे पत्र.

एका दिवसात जाऊन येऊ नकोस, दोन रात्री रहा. आणि बॉम्ब शेवटी बघ. खरं तर या दुसऱ्या गोष्टीसाठीच एवढं लिहायला बसलेय.

मी पहिल्यांदा नागासाकीला गेले ती एका ग्रुपबरोबर दुभाषी म्हणून. बसने थेट म्युझियम, तिथे तासभर, मग तो मोठा पुतळा, मग ग्रुप फोटो, जेवण, परत बस. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. पण कोण लोक होते ते, कसे राहायचे, त्या गावात आधी काय होतं, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं, मेले एवढंच माहीत. परत आल्यावर काही महिन्यांनी माझ्या क्लासमधल्या वसईच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आमच्या गोन्सालोच्या टेकडीवर गेला होतात का?" कोण गोन्सालो? मला काही बोलताच येईना. आमची बस त्या टेकडीच्या पायथ्यावरून गेली होती आणि जपानी शिकवणाऱ्या मला ते ठाऊक नव्हतं. ती चुटपुट अजून आहे बघ. तुझ्या बाबतीत तसं व्हायला नको.

तर फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून 'रिले कामोमे' गाडी धर, ताकेओ ओन्सेनला उतरून समोरच्याच प्लॅटफॉर्मवर शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन 'कामोमे' उभी असते. कामोमे म्हणजे सीगल, आपला कुरव. ही लाइन 2022 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली, जेमतेम 66 किलोमीटर आहे आणि बराचसा रस्ता बोगद्यातून जातो, त्यामुळे खिडकीतून फार काही दिसेल अशी आशा ठेवू नकोस. स्टेशनवर उतरलास की बॅग लॉकरमध्ये टाक आणि आधी निशिझाकाच्या टेकडीवर जा. पाचेक मिनिटांचा चढ आहे.

तिथे एक लांब दगडी भिंत आहे आणि तिच्यावर ब्राँझमध्ये 26 माणसं एका ओळीत. 5 फेब्रुवारी 1597 ला तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने या 26 ख्रिस्ती लोकांना याच टेकडीवर क्रूसावर चढवून भाल्यांनी मारलं. क्योतोमध्ये प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन थंडीत जवळपास महिनाभर चालवत इथपर्यंत आणलं. 20 जपानी, चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा आणि एक आपल्या वसईचा, गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयातच मिशनऱ्यांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, मग व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन पंथाचा संन्यासी झाला आणि 1593 मध्ये परत जपानला आला तो दुभाषी म्हणून. दुभाषी! मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. मी जे काम करून पोट भरलं तेच काम हा माणूस माझ्या चारशे वर्षं आधी करत होता, तेही डिक्शनरी नाही, क्लास नाही, काही नाही. 1862 मध्ये पोपने या सगळ्यांना संत जाहीर केलं. वसईच्या किल्ल्यात त्याच्या नावाचं चर्च आहे, तू शाळेच्या सहलीला चिमाजी अप्पांचा म्हणून तो किल्ला बघितला असशीलच.

भिंतीसमोर उभा राहिलास की आधी पायांकडे बघ. कोणाचेच पाय जमिनीवर टेकलेले नाहीत, सगळ्यांची पावलं खाली लोंबतात, कपडे सरळ खाली येतात आणि खालून ती उघडी बोटं दिसतात. आणि ओळीत मधेच तीन जण एकदम बुटके आहेत. ती मुलं. सगळ्यात लहान 12 वर्षांचा. शिल्पकार फुनाकोशी यासुताके, स्मारक 1962 चं. तिथे मी एकदा बराच वेळ बसले होते, एक आजीबाई आल्या, पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि बाजारात निघून गेल्या. मागेच म्युझियम आहे, तिथे विचार, यातला गोन्सालो कुठला ते दाखवतात.

हे आधी बघायला का सांगतेय ते पुढे येईल. आता ट्रॅम. मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यायचे, कुठेही उतर भाडं एकच, तुझं फुकुओकाचं कार्ड चालतं. 1915 पासून चालू आहे ही ट्रॅम आणि ड्रायव्हर वळणावर जी घंटा वाजवतो ती ऐकायला मी एकदा नुसतीच या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले होते. ओउराच्या चर्चकडे जाताना शिन्ची चूकागाई स्टॉपला गाडी बदलावी लागते, ते लक्षात ठेव.

देजिमाला निदान दोन तास दे. पंख्याच्या आकाराचं छोटं बेट, 1636 मध्ये समुद्रात भराव टाकून बांधून पूर्ण केलं, पोर्तुगीजांना शहरापासून लांब ठेवायला. तीन वर्षांत त्यांना देशातूनच हाकललं आणि 1641 मध्ये डच लोकांना तिथे आणून बसवलं. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षं जपानात युरोपियन माणसाला राहायला एवढीच जागा, दीड हेक्टर! आपल्याकडचं एखादं मोठं मैदान समज. एक पूल, पुलावर पहारा, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. आता भोवतीचा समुद्र बुजवून शहर वाढलंय त्यामुळे हे बेट होतं यावर विश्वासच बसत नाही, पण 2017 मध्ये नदीवर नवा पूल बांधला, त्यावरूनच आत जा. आत गोदामं, कॅप्टनचं घर, जेवणाचं टेबल, सगळं परत उभं केलंय. मी दर वेळी गोदामात जास्त वेळ घालवते. इथून जपानचं तांबं निघायचं आणि डच लोक ते आपल्या सुरतेला नेऊन विकायचे, उलट आपल्याकडची छापील आणि पट्ट्यापट्ट्यांची सुती कापडं इकडे यायची. छापील कापडाला जपानीत सारासा म्हणतात आणि पट्ट्यांच्या एका कापडाला सांतोमे, चेन्नईजवळच्या साओ तोमेवरून. मागे क्लासमध्ये सारासा शब्द आला होता तेव्हा तू त्याच्यापुढे नुसतं "डिझाइन" असं लिहिलं होतंस, आठवतंय मला.

आणि साखर. डच जहाजं साखर आणायची, म्हणून नागासाकीचं जेवण अजून गोडसर. कास्तेरा नावाचा केक पोर्तुगीजांकडून आलेला, खायचा तो इथेच खा. बुडाशी जाड साखरेचे खडे असतात आणि चिकटलेला कागद असतो, कागद हळूच ओढायचा, नाहीतर खडे त्याच्याबरोबर जातात. (अंडी खातोस ना? नाहीतर हे रद्द.) ब्रेडला जपानीत पान म्हणतात ना, आपल्याकडे पाव, दोन्ही शब्द पोर्तुगीज 'पांव'वरून. त्याच लोकांनी एकच शब्द वसईच्या आणि नागासाकीच्या बंदरात उतरवला आणि दोन्हीकडे तो घरचा झाला, भाषेचं काम करणाऱ्याला याच्याहून मोठा आनंद कुठला सांग.

चाम्पोनबद्दल सावध. 1899 साली चिनी खानावळीत गरीब विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेला नूडल्सचा पदार्थ, भरपूर भाज्या दिसतात म्हणून आपले लोक फसतात, पण रस्सा डुक्कर-कोंबडीच्या हाडांचा असतो. "निकु नुकी" म्हणजे मांस नको असं म्हणालास तर वरचे तुकडे काढून देतील, रस्सा तोच. तुझ्या आईला मी शब्द दिलाय तू व्हेज खाशील म्हणून, तेव्हा स्टेशनजवळून ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन ठेव, तेही आत काय आहे ते वाचून.

मेगानेबाशी जाता जाता बघ, 1634 चा दगडी पूल, पाण्यात प्रतिबिंब पडलं की चष्मा दिसतो. 1982 च्या पुरात मोडला होता, वाहून गेलेले दगड नदीतून शोधून काढले आणि परत बसवले. ग्लोव्हर गार्डनला गर्दी असते पण बंदर तिथूनच नीट दिसतं, समोर शिपयार्डची 1909 ची मोठी क्रेन अजून उभी आहे. गुंकानजिमा बेट या वेळी सोडून दे असं माझं मत. समुद्र खवळला की बोट बेटाला लागतच नाही, अख्खा अर्धा दिवस जातो, आणि तिथल्या कोळशाच्या खाणीत युद्धाच्या वेळी कोरियन आणि चिनी मजुरांना जबरदस्तीने राबवलं होतं, ते आधी नीट वाचून मगच जावं.

ओउराचं चर्च मात्र चुकवायचं नाही, कारण निशिझाकाची गोष्ट इथे पुढे जाते. पुढे जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. नागासाकीत दरवर्षी नवीन वर्षाच्या सुमाराला लोकांना येशू-मेरीच्या चित्रावर पाय ठेवून दाखवावा लागायचा, फुमिए म्हणतात त्याला. दोनशेहून जास्त वर्षं पाद्री नाही, चर्च नाही. मग देश उघडल्यावर फ्रेंच पाद्र्यांनी परदेशी लोकांसाठी म्हणून हे चर्च बांधलं, त्या 26 जणांच्या नावाने, आणि त्याचं तोंड निशिझाकाकडे केलं. 17 मार्च 1865 ला उराकामी गावातले पंधराएक शेतकरी बिचकत आत आले आणि त्यांच्यातल्या एका बाईने फादर पेतिजांच्या कानात हळूच सांगितलं की आमचं मन तुमच्या मनासारखंच आहे, आणि विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? पिढ्यानपिढ्या प्रार्थना पाठ करून लपूनछपून सांभाळलेला धर्म होता तो. ती मूर्ती अजून तिथेच आहे, उजव्या बाजूच्या वेदीवर. फोटो काढू देत नाहीत आत. बरंच आहे ते.

पण बंदी अजून उठली नव्हती. उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना उचलून देशभर हद्दपार केलं, कितीतरी तिकडेच मेले, उरलेले 1873 मध्ये परत आले आणि त्यांनी काय केलं, तर जिथे त्यांना चित्रावर पाय ठेवायला लावायचे तीच गावच्या मुखियाच्या घराची जागा विकत घेतली आणि एकेक वीट जमवत तिथे चर्च बांधलं. तीस वर्षं लागली.

आता तिसऱ्या दिवशी सकाळी त्या उराकामीला जा. 9 ऑगस्ट 1945, 11 वाजून 2 मिनिटं. विमान खरं कोकुरावर जाणार होतं, म्हणजे आजचं कीताक्युशू, तुझ्या शेजारचंच. तिथे खालचं दिसेना म्हणून ते इकडे वळलं, इथेही ढग होते, आणि बॉम्ब शहराच्या मध्यावर न पडता उराकामीच्या खोऱ्यावर साधारण 500 मीटर उंचीवर फुटला, त्या चर्चपासून अर्ध्या किलोमीटरवर. तिथल्या 12 हजार ख्रिस्ती लोकांपैकी साडेआठ हजार गेले. पूर्ण शहरात वर्षअखेरपर्यंत 74 हजारांच्या आसपास. आता कळलं का, मी निशिझाकापासून सुरुवात कर का म्हणाले ते? ज्यांनी अडीचशे वर्षं जीव मुठीत धरून काढली त्यांचीच नातवंडं-पतवंडं होती ही. ग्रुपबरोबर गेले तेव्हा मला 74 हजार हा आकडा दिसला होता, दुसऱ्या वेळी माणसं दिसली.

म्युझियममध्ये सगळं बघायचा अट्टहास नको. एक शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा आहे, आतला भात जळून कोळसा झालेला. त्याच्यापुढे थांब. वितळून एकमेकींना चिकटलेल्या जपमाळा आहेत. तिथून खाली उतरून स्फोटाच्या केंद्राजवळ ये, काळा दगडी खांब आहे, शेजारी जुन्या चर्चच्या भिंतीचा तुकडा आणून ठेवलाय, आणि ओढ्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांपाशी काचेमागे त्या वेळची जमीन तशीच ठेवलीय, कौलांचे तुकडे, विटा, काच, कोणाच्या तरी घरातलं भांडं. बहुतेक लोक त्या पायऱ्या उतरतच नाहीत. तू उतर.

पीस पार्कमधल्या मोठ्या पुतळ्यापाशी सेल्फी घेऊ नकोस एवढं माझं ऐक. आकाशाकडे दाखवणारा उजवा हात म्हणजे वरून आलेला बॉम्ब, आडवा डावा हात शांतीसाठी, मिटलेले डोळे मेलेल्यांसाठी. पार्कच्या दुसऱ्या टोकाला कारंजं आहे, त्याच्यासमोर एका लहान मुलीचे शब्द कोरलेत, खूप तहान लागली होती, पाण्यावर तेलासारखं काहीतरी तरंगत होतं, तरी प्यायले. जपानी सोपं आहे, तुला वाचता येईल, भाषांतराची पाटी बघू नकोस.

ताकद उरली तर सान्नो देवळाचं एका पायाचं तोरीई, म्हणजे देवळाची कमान, बघ, अर्धं उडालं, अर्धं तसंच उभं आहे, आणि तिथली कापराची दोन झाडं काळी पडली होती ती परत फुटली, आता त्यांच्या सावलीत पोरं खेळतात.

बूट चांगले घाल, सगळं गाव चढ-उताराचं आहे. छत्री घे. इनासायामा डोंगर 333 मीटर आहे, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रोपवेने वर जा, दिवे लागायच्या आधी पोच म्हणजे बंदर उजेडात आणि अंधारात दोन्ही बघून होईल.

आणि एक काम कर माझं. ती वसईची मुलगी, तिची आई आता अंथरुणावर असते, तिला जपान काही बघायला मिळणार नाही. निशिझाकाला पोचलास की मला व्हिडिओ कॉल लाव, मी त्या आईला जोडून घेते. तुमच्या तिकडे दुपारचे दोन म्हणजे इथे साडेदहा, तेव्हा ती जागी असते. फोन पूर्ण चार्ज करून जा आणि गोन्सालोपुढे जरा जास्त वेळ धर, हलवू नकोस.

तुझी,
ताई